घोड्याच्या पिक्चरचे मालक

९ मार्च १९६९, रविवार. दहा किलो लाल मिरची अंगणात पसरली आहे आणि सकाळपासून मी देठ खुडते आहे. नंदुरबारच्या बाजारातली मिरची, चांगली वाळलेली. हातात घेतली की कडकड वाजते. तोंडाला फडकं बांधलं तरी घसा धरतोच. दोनदा खोकले आणि तिसऱ्यांदा खोकताना आमचे मालक आठवले. ते असेच खोकत, कोरडे, भिंतीकडे तोंड करून. हात धुऊन वही घेतली. अर्धी मिरची तशीच आहे. ती कुठे पळून जात नाही.

मालक म्हणजे शहाद्यातले माझे घरमालक. तिथल्या दवाखान्यात नर्स म्हणून माझी बदली झाली तेव्हा मी तिशी ओलांडलेली होते. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, असं विचारणाऱ्याच्या तोंडात मी थर्मामीटर देत असे. एकटीला खोली मिळेना. मग दवाखान्यासमोरच्या किराणा दुकानातल्या शेठाणींनी हे घर दाखवलं.

मालक ओट्यावर बसून कसलीशी पट्टी कातरत होते. पन्नाशीचा उंच, वाळलेला माणूस. वर न बघता म्हणाले,

"एकल्या?"

"एकटी."

"मी घरमा बोलस नही. चाली का?"

"मला ऐकायला वेळ नसतो," मी म्हटलं.

त्यांनी किल्ली पुढे केली. त्या घरात आमचं झालेलं हे सगळ्यात लांब बोलणं.

मी वर राहत असे, ते खाली. काही सांगायचं असलं की ते बांबूने वरच्या फळ्या ठोकत. एक ठोका म्हणजे टपाल, दोन म्हणजे पाणी आलं, तीन म्हणजे कोणी भेटायला आलं आहे. चार ठोक्यांचा अर्थ मला कधी कळला नाही. ते फक्त दिवाळीच्या दिवशी पडत. मी खाली उतरून बघे तर दार लावलेलं असे आणि आत दिवा. पहिल्या वर्षी मी दार वाजवलं. उघडलं नाही. पुढच्या वर्षापासून फराळाची ताटली उंबऱ्यावर ठेवून वर येऊ लागले. सकाळी ताटली धुऊन पायरीवर पालथी ठेवलेली असे.

असा हा घुमा माणूस पोटासाठी काय करायचा, तर बोलायचा.

त्यांच्याकडे एक तंबू होता, एक तेलावरचं इंजिन, एक छोटं सिनेमाचं मशीन आणि एक सिनेमा. दुसरा सिनेमा त्यांनी कधी घेतला नाही. हा अमेरिकेतला, काळापांढरा, तासाभराचा. भुसावळच्या एका वखारीत रद्दीत निघालेली प्रत. सुरुवातीचा नावाचा तुकडा तुटून गेला होता, त्यामुळे सगळा मुलूख त्याला 'घोड्याचा पिक्चर' म्हणे.

मी तुटपुंज्या पगारात घर चालवलेलं आहे. हा सिनेमा कुणी तरी ओढगस्तीत काढला आहे हे मला पहिल्या खेपेलाच दिसलं. सगळं मिळून तीन घरांचं गाव. एकच खडक, त्याच्यासमोरून घोडेस्वार चार वेळा जातात, दोनदा तर त्याच ढगाखालून. नदी एकदाच ओलांडलेली, पण ती तीन ठिकाणी चिकटवलेली. घरांना नुसत्या दर्शनी भिंती. एका जागी वाऱ्याने दार उघडतं तर मागे टेकू दिलेल्या बल्ल्या आणि मोकळं रान. हे मालकांना इतकं पटलं होतं की ते दर दसऱ्याला आमच्या घराची फक्त रस्त्याकडची भिंत रंगवत. बाकीच्या तीन भिंतींचे पोपडे पडले तरी हात लावत नसत.

माणसांचीही तीच काटकसर. दुसऱ्या रिळात गोळी लागून मेलेला दाढीवाला चौथ्या रिळात गर्दीत उभा असे. लोक काही आंधळे नव्हते.

"ओ भाऊ, हाऊ तर मघाशी मरी गया व्हता!"

"तो नही. त्याना भाऊ शे!" मालक भोंग्यातून ओरडत.

त्या गावात बऱ्याच जणांना जुळे भाऊ होते.

मालक प्रेक्षकांच्या मधोमध, मशीनजवळ उभे राहत. डावा हात मशीनवर, उजव्या हातात पत्र्याचा भोंगा. इंग्रजी बोलणं कुणाला कळणार, म्हणून त्याचा आवाज ते बंद ठेवत. टापा आणि गोळीबार आला की खुंटी पिळून मोठा करत आणि पुन्हा बंद. बाकी सगळी गोष्ट अहिराणीत ते स्वतः सांगत. काय सांगत! घरात ठोक्यांवर भागवणारा हा माणूस तिथे रडे, हसे, सावकाराचा खाकरा काढी, म्हातारीची बोळकी वाणी काढी. नर्सिंगच्या शिक्षणात मला बऱ्यापैकी इंग्रजी आलं होतं. एकदा म्हटलं, मालक, एकदा आवाज चालू ठेवा, ते लोक खरं काय बोलतात ते मी सांगते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या डाळीत माती टाकते आहे.

"त्यासले काय म्हाईत त्यासनी गोष्ट?" म्हणाले.

त्यांच्या गोष्टीत तो घोडेस्वार बायकोला शोधत हिंडत होता. ती घरातून निघून गेलेली. तो गावात येतो, विचारतो, भांडणात सापडतो, गोळ्या झाडतो, आणि शेवटी घोड्यावर बसून पुढच्या गावाला निघतो. सिनेमा संपत आला, घोडेस्वार लहान लहान होत गेला की मालक भोंगा खाली घेत आणि साध्या आवाजात लोकांना विचारत, "हनवटीवर तीन ठिपकानं गोंदन, मधला पुसट. डावा पाय जरासा ओढस. भाकर डाव्या हातनी थापस. तुमना गावमा तर नही ना?"

लोक म्हणत, नाही. कुणी थट्टेने म्हणे, "शे ना, मन्ही सासू!" हशा होई. मालक हसत नसत. इंजिन बंद होई.

मी ते शेवटाला लावलेलं गोंडस शेपूट समजत होते. एके दिवशी साखर घ्यायला गेले असता शेठाणींना सहज म्हणाले, मालकांनी त्या बाईचं वर्णन काय हुबेहूब रचलं आहे. शेठाणींनी तराजू खाली ठेवला.

"रचलं? बाईजी, तुम्हाला कोणी सांगितलं नाही? ती माझ्या दुकानातून तेल नेत होती. तीन ठिपके, पाय ओढायची. एका पोळ्याच्या दिवशी गेली ती गेली. त्याच वर्षी याने शेत विकलं आणि ते मशीन आणलं."

मी साखर घेऊन घरी आले. त्यानंतर तो सिनेमा मला पहिल्यासारखा बघता आला नाही. मालक कुठे कुठे जात, त्याचाही अर्थ लागला. विसरवाडीच्या फाट्यावर ट्रकवाल्यांसमोर खेळ लावत, कारण ट्रकवाले दहा गावं फिरतात. मोलगीला बाजाराच्या दिवशी जीपमध्ये मशीन घालून चढत, कारण तिथे पाड्यापाड्यांतून माणसं पायी येतात. तिथल्या लोकांना अहिराणी पुरती कळत नाही म्हणून तेवढा एक प्रश्न त्यांनी पावरी बोलीत पाठ केला होता. खेळ चांगला जमला की नाही, याची ते फिकीर करत नसत. परत आले की ओट्यावर बसत. मी वरून विचारी, "काय मालक?" ते मान हलवत. मला वाटे, बायको गेली आणि माणसाची वाचाच बसली.

मग आवाज घोगरा झाला. सुपारीने असेल, भोंग्याने असेल, म्हणून त्यांनी वर्ष काढलं. मी बळेच धुळ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. गाठ आहे. मुंबईला जाऊन काढायला हवी, लवकर. आवाज राहील असं नाही. काढली नाही तर माणूस राहणार नाही.

मी काही लपवत नाही. येताना गाडीत त्यांना सगळं सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. तिकडे बघतच म्हणाले,

"सारंगखेडानी यात्रा होऊ द्या."

"आणि मग?"

"ती सापडनी का जास."

"आणि नाही सापडली तर?"

त्या वर्षीची यात्रा झाली, ती सापडली नाही, आणि ते गेले नाहीत. पुढच्या वर्षाचा मार्गशीर्ष येईपर्यंत त्यांना भाकरी दुधात कुस्करून खावी लागत होती. मी रोज जिन्यातून ओरडे, मुंबई! खालून एक ठोका पडे. टपाल नसे. त्याचा अर्थ नाही असा होता.

पुढे ते मुंबईला गेले, हे शहाद्यात सगळ्यांना माहीत आहे. आवाज गेला, जीव वाचला, आणखी पाच वर्षं जगले. तंबू विकला. घरात तर काहीच फरक पडला नाही, बांबू होताच. ते अचानक जायला कसे तयार झाले, हे मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं. आता ते नाहीत. ज्या बाईचा यात संबंध आहे तिचं गाव मी आजही लिहिणार नाही.

सारंगखेड्याला तापीकाठी दत्ताची यात्रा भरते आणि घोड्यांचा बाजार. पार मारवाडातून, गुजरातेतून घोडे येतात. त्या बाजारात मालकांच्या सिनेमाला वेगळीच किंमत होती. बाकी ठिकाणी लोक माणसं बघत. इथले व्यापारी फक्त घोडे बघत. पहिल्या वर्षी म्हणे तिसरं रीळ चालू असताना एक म्हातारा व्यापारी ताडकन उठला.

"मशीन बंद करा! हाऊ पंचकल्याणी मघाशी चोरना खाले व्हता!"

चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असलेल्या घोड्याला पंचकल्याणी म्हणतात. असा घोडा शुभ, कुणी सहज सोडत नाही. आणि खरंच, पहिल्या रिळात चोराखाली असलेला तोच घोडा तिसऱ्या रिळात नायकाच्या जिवलग मित्राखाली होता. सिनेमावाल्यांकडे घोडे कमी, दुसरं काय. पण घोड्याच्या बाजारात असं कारण चालत नाही. एक म्हणाला, चोराने विकला. दुसरा म्हणाला, पंचकल्याणी कोण विकतं? तिसऱ्याने निकाल दिला, "तो दोस्तच चोरले मियेल शे!" सगळा तंबू हो म्हणाला. मालकांनी तिथल्या तिथे गोष्ट फिरवली. नायकाला मित्राचा दगा कळला आणि म्हणून तो कुणाचा निरोप न घेता निघून गेला. मला विचाराल तर ही गोष्ट मूळ गोष्टीपेक्षा सरस होती. पुढे सगळीकडे त्यांनी हीच सांगितली.

मी सांगते आहे त्या वर्षी, म्हणजे धुळ्यानंतरच्या दुसऱ्या यात्रेला, दवाखान्याने मला यात्रेत पटकीची लस टोचायला पाठवलं होतं. दिवसभर दंड टोचून संध्याकाळी हात धुतले, तर मालक समोर उभे. तोंड उघडलं, आत नुसती हवा. आदल्या दोन रात्रींचे खेळ त्यांनी कसेबसे ओढले होते. तिसऱ्याला आवाज पुरता बसला. त्यांनी चार कागद पुढे केले. शाईच्या पेन्सिलीने लिहिलेली सगळी गोष्ट, दाढीवाल्याच्या जुळ्या भावासकट.

"मला अहिराणी येत नाही," मी म्हटलं.

त्यांनी खांदे उडवले. मग हात जोडले. या माणसाने कधी कुणापुढे हात जोडलेले मी पाहिले नव्हते. मी भोंगा घेतला.

दिवेलागण झाली आणि खेळ लागला. ते मधे मशीनजवळ, मी पडद्याशेजारी. तिथे बायका पडद्याच्या मागल्या बाजूला बसत, अशी सगळ्याच तंबूंत रीत होती. पांढऱ्या कापडातून चित्र पाठीमागेही दिसतं, फक्त उलटं. बायकांच्या बाजूचे सगळे घोडेस्वार डाव्या हाताने गोळ्या झाडत. माझा आवाज एकाच वेळी दोन्हीकडे जावा म्हणून मी कडेला उभी राहिले. गोष्ट मी माझ्या शाळेतल्या मराठीत सांगितली, हजेरी घेतल्यासारखी. कुणी रडलं नाही. पंचकल्याणी आला तेव्हा व्यापाऱ्यांनीच आरडाओरडा केला, मला काही करावं लागलं नाही. शेवटी मी चौथा कागद वाचला. तीन ठिपके, मधला पुसट. डावा पाय. डाव्या हाताने भाकरी. तुमच्या गावात आहे का?

इंजिन बंद झालं. माणसं उठली. मालक तिकडे मशीनवर वाकून रीळ उलटं गुंडाळत होते.

बायकांतून एकजण माझ्याकडे आली. चाळिशीची, अंगावर चांगलं लुगडं, पदर हनुवटीवर ओढून दातात धरलेला. पाय ओढत होती.

"नरसबाई, ते मरी ग्यात का?"

"कोण?"

"घोडाना पिक्चरवाला. त्यासना आवाज नही उना आज. म्हनीसन उनू."

मी कंदील जरा वर केला. तिने पदर सोडला. तीन ठिपके.

"जिवंत आहेत. ते बघा तिथे," मी म्हटलं. "घसा गेला आहे. चला."

तिने माझं मनगट पकडलं. पकड भाकरी थापणाऱ्या बाईची, घट्ट.

"नही. मन्हा घरना घोडा देखाले उना सेत. मन्हं घर शे आते. पोरे सेत."

"मग आलात कशाला?"

"तिसरा डाव शे मन्हा. दोनदा पडदाना मांगे बसीसन त्यासनाच तोंडतीन ऐकं. ठिपका तं निम्म्या बायासले सेत. पन त्या पायनं सांगेत तधय जीव जाये. हातमुळे वाचनू."

"कोणत्या हातामुळे?"

"मी डाव्या हातनी कधय भाकर थापी नही. उजव्याच हातनी थापस." तिने मशीनजवळच्या मालकांकडे पाहिलं. "समोर बसीसन देखं व्हई त्यासनी. समोरना माणूसले उजवा तो डावा दिखस."

मी विचारलं, त्यांनी मारलं का कधी? तिने मान हलवली. पीत होते? नाही. मग काय झालं?

"चार चार दिन तोंडमाईन शबद नही. मी चुल्हासंगे बोलू. तो तरी फुकर मारी की उत्तर देस." मग म्हणाली, "आते देखा, आख्खा मुलुखसंगे बोलतस."

बाहेरून कुणी तरी हाक मारली. तिने पदर पुन्हा दातात धरला.

"मी कोठे ऱ्हास ते सांगू नका. बरी शे, इतलंच सांगा. नही सांगं तरी चाली."

आणि पाय ओढत गर्दीत गेली. मी मागे गेले नाही. गेले असते तरी चाललं असतं, तंबूच्या दाराशी तिचा माणूस दिसलाही असता. पण ज्या अर्थी तिने मागे वळून पाहिलं नाही, त्या अर्थी ते माझं काम नव्हतं.

मालकांनी मशीनजवळून माझ्याकडे पाहिलं आणि भुवया उचलल्या. रोजचा प्रश्न. माझ्या अंगात दिवसभराचं सहाशे दंडांचं काम होतं. मी नाही अशी मान हलवली आणि माझ्या राहुटीत गेले. झोप लागली नाही. मला वाटत आलं होतं की बायको गेली म्हणून हा माणूस मुका झाला. ते उलटं होतं. तो मुका म्हणून ती गेली, आणि ती गेल्यावर त्याला वाचा फुटली. हे त्यांना सांगायचं का? सांगितलं तर त्यांच्याकडे मशीन राहील, तंबू राहील, आणि विचारायला काही राहणार नाही. नाही सांगितलं तर पुढच्या वर्षी ते इथे येतील, त्यांना भाकरी दुधातूनही गिळता येणार नाही, आणि तरी ते विचारतील.

सकाळी मी चहा घेऊन तंबूत गेले. ते पडदा घडी करत होते. मी म्हटलं, "मालक, ती सापडली. बरी आहे. घर आहे, मुलं आहेत. गाव सांगणार नाही, तिने नको म्हटलं आहे. काल माझ्याशी बोलली. तुमचा आवाज आला नाही म्हणून तुम्ही गेलात की काय ते विचारायला आली होती."

ते खाली बसले. पडद्याचं एक टोक हातात तसंच. मग त्यांनी डाव्या हाताची चार बोटं आणि अंगठा पसरून हवेत भाकरी थापल्यासारखं केलं आणि माझ्याकडे बघितलं. खात्री करून घेत होते.

"उजव्या हाताने," मी म्हटलं. "तुम्ही समोर बसायचात."

त्यांनी आपला डावा हात बघितला, मग उजवा. मग समोरच्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ बघत राहिले, जणू तिथे चूल आहे. मी चहा त्यांच्याजवळ ठेवला. गार झाला तेव्हा परत गरम करून आणला. तो त्यांनी घोटघोट करून प्यायला.

मी लसीची पेटी कंपाउंडरच्या स्वाधीन केली, आठ दिवसांच्या रजेचा अर्ज लिहून त्याच्याकडेच दिला, मशीन आणि रिळांचे डबे म्हाताऱ्या घोडेवाल्याच्या राहुटीत ठेवले, आणि मालकांची दोन धोतरं माझ्या पिशवीत कोंबली. ते काही न विचारता माझ्यामागून मोटारीपर्यंत आले. दोंडाईच्याला रेल्वे धरायची, तिथून सुरत, सुरतेहून मुंबई. यात्रेची गर्दी होती. दोघांना मिळून दीड माणसाची जागा मिळाली. कंडक्टर आला आणि मालकांकडे हात करून म्हणाला, "कोठे जानं शे, बाबा?"

मालकांनी तोंड उघडलं.

"दोंडाईचा," मी म्हटलं. "दोन."